केटूची झूल

पिशवीची गाठ सोडली आणि मी तोंड फिरवलं. मांडीवरच्या तापीनेही नाक आक्रसलं. माझी ही लेक अजून दुधावरची. घाण म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, स्वतःच्या ओल्या दुपट्यात ती हसत लोळते. पण त्या पिशवीतून जे बाहेर आलं त्याने तिलासुद्धा शिंक आली.

पिशवीत केटूची झूल होती. जळगावच्या शोनंतर तिचा बोळा करून कोंबलेला, आणि मग ती पिशवी एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहून गेलेली. घामाचा कुबट दर्प, त्यावर बॉडी स्प्रेचा गोडमिट्ट थर. गळपट्टीला गुटख्याचा लाल-तपकिरी ओघळ. पदराच्या टोकाला काहीतरी वाळून चकचकत होतं. मी बोट लावलं आणि कळलं, शेंबूड. गोगलगाय चालून गेल्यावर फरशीवर उरतो तसा.

तापीची शी काढताना मला कधी किळस आली नाही. डाळ ढवळता ढवळता उठते, पोर धुते, हात धुते, परत डाळ ढवळते. आणि इथे घोडा झालेल्या बाप्याच्या शेंबडासाठी मी तेच बोट तीनदा साबणाने घासलं.

केटू कोण हे खान्देशात सांगायला नको. मूळ नाव कौतिक. अहिराणी गाणी म्हणतो, आणि त्याचं गाणं डीजेवर वाजल्याशिवाय आमच्याकडचा नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. यंदा त्याने मोठी टूर काढली, जळगाव, फैजपूर, धुळे, अमळनेर. कपडे माझ्याकडे आले, कारण त्याच्या मॅनेजरची, प्रेमराजची, बायको माझ्याकडून ब्लाऊज शिवून घेते. माझं बुटिक म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक मशीन, एक आरसा आणि मशीनशेजारी तापीची झोळी.

"पडद्यावर नाव येईल ताई तुमचं. 'वेशभूषा, मेघा'. एवढ्या मोठ्या अक्षरात!" प्रेमराज म्हणाला, आणि खोटं कशाला बोलू, मी हुरळले.

चकचकीत जाकिटं, दिवे लागणारी पँट, नाचणाऱ्या मुलींचे घागरे, सगळं झालं. शेवटी आईवरचं गाणं. ते त्याचं सगळ्यात गाजलेलं, त्या गाण्यात तो रडतो आणि पब्लिक रडते. त्यासाठी प्रेमराजला केप हवी होती, खांद्यावरून पायापर्यंत लोळणारी. "जुन्या लुगड्यांची पाहिजे. खऱ्या. मायच्या अंगावरच्या."

योगेंद्र, माझा नवरा, पाईपच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आला होता. तो चहा पिता पिता म्हणाला, "केप कसली? पोळ्याला बैलावर टाकतात ती झूलच की!" तेव्हापासून आमच्या घरात ती झूलच.

जुनी लुगडी सोनगीरहून आली. सोनगीर माझं माहेर. तापी झाली तेव्हाही गल्लीतल्या बायांनी जुनेरं आणून दिली होती. नव्या जिवाला नवं कापड टोचतं, त्याला दहा वेळा धुतलेलं, दुसऱ्या बाईच्या अंगावर मऊ झालेलंच लागतं. या वेळी झुलेसाठी मागितली तर बाया हसल्या, पण दिली. सगळ्यांत शेवटी शेवंता मावशी आली. शेजारची. मी लहान असताना आई शेतात जायची आणि मी हिच्या ओट्यावर वाढले. तिच्या हातात किरमिजी रंगाचं, काळ्या चौकड्यांचं, रुईफुली काठाचं लुगडं होतं, घडी न मोडलेलं.

"हाई मना मायनं शे. तानुबाईनं," ती म्हणाली. "त्या पोऱ्याना गाणामां माय शे ना? मंग मनी माय बी चढू दे टेजवर."

"मावशी, राहू दे ना हे. एवढं जपलेलं..."

"गप वं. पन दोन गोष्टी आयक. याले कात्री लावू नको. आनि धवू नको."

"धुवायचं का नाही?"

तिने लुगडं माझ्या नाकाशी धरलं. मिसरीचा वास आला, चुलीचा आला, आणि त्याखाली ओल्या शेंगा सोलल्यासारखा एक गोडसर वास. बाई जाऊन किती वर्षं झाली असतील, पण ती नुकतीच उठून आत गेल्यासारखी वाटली.

"आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेर जातस," मावशी म्हणाली. "मी कोठे जाऊ? माय नही, भाऊ नही, घर इकाई गयं. मनं माहेर हाई पेटीमां शे. आखाजीले काढस, वास लेस, परत ठेवस. तवढं आखाजीना पहिले आनी दे."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. मी तापीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. मग कात्री लावणं शक्यच नव्हतं. बाकीच्या लुगड्यांच्या पट्ट्यांची झूल केली आणि पाठीवर तानुबाईचं लुगडं अख्खंच चुण्या घालून कच्च्या टाक्यांनी टाचलं. टाके उसवले की घडीला घडी परत मिळेल असं.

ट्रायल हॉटेलच्या खोलीत होती. तापीला घरी ठेवणार कोणाकडे? घेऊन गेले. केटू सोफ्यावर पसरला होता, पाय टीपॉयवर, तोंडात गुटखा. मी झूल त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने खांदा हुंगला आणि ओठ वाकडे केले.

"ई! म्हातारीचा वास येतो याला. धुतलं नाही का?"

"धुवायचं नाही ते. कोणाच्या तरी आईचं आहे."

"मग मी काय म्हातारी अंगावर घेऊन नाचू? प्रेमराज, मार रे काहीतरी!"

प्रेमराजने बॉडी स्प्रेची बाटली त्या लुगड्यावर रिकामी केली. मी "नको, नको" म्हणत राहिले, फवारा चालूच. तेवढ्यात तापी रडायला लागली, भुकेचं रडणं. मी पदर सावरून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे निघाले.

"अहो ताई, हे इथे नको," प्रेमराज तोंडासमोरून हात हलवत म्हणाला. "बाथरूम आहे ना तिकडे."

बाथरूममध्ये बसायला कमोड. त्याच्या कडेवर पिवळे शिंतोडे. मी भिंतीला टेकून उभ्याने पोरीला पाजलं. नळ ठिबकत होता, मोरीतून सडका वास येत होता, आणि दाराबाहेर केटू गळा तापवत होता. आईच्या दुधाचं ऋण कसं फिटणार नाही, त्या ओळीवर तो तान घेत होता. पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. तापी दूध सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी तिचे कान झाकले.

जळगावच्या शोला मी गेले नाही. तापीला ताप होता. व्हिडिओ पाहिला. तो रडताना पाठीवरचा लाल पदर पुढे ओढतो, डोळे टिपतो, आणि कॅमेरा हलला की त्याच पदराने नाक शिंकरतो. खाली लोक डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी ती पिशवी आली.

धुवायचं नाही, वचन होतं. मी लुगडं गच्चीवर सावलीत पसरलं. कडुलिंबाचा पाला घातला, वेखंड ठेवलं. नाटकवाले स्पिरिट फवारतात असं कोणी सांगितलं म्हणून एका टोकाला फवारून पाहिलं, तर दवाखान्यात अत्तराची बाटली फुटल्यासारखा वास सुटला. शेंबडाचं टोक ओल्या फडक्याने टिपून काढलं. मग डोळे मिटून लुगड्याच्या एकेका घडीत नाक घातलं. तानुबाई कुठेच नव्हती. सगळीकडे तोच होता.

मला वाटलं, याहून वाईट काही होणार नाही. मग फैजपूरचा शो झाला, आणि प्रेमराज झूल घेऊन स्वतः घरी आला.

"ताई, आयडिया आलीय भारी. फैजपूरला पब्लिक थंड पडली. धुळ्याला केटूभाऊ गाण्याच्या शेवटी ही केप फाडणार."

"फाडणार?"

"छातीपासून, दोन्ही हातांनी, फर्र करून! आणि तुकडे पब्लिकमध्ये. पोरं जीव देतील एकेका चिंधीसाठी. तुम्ही फक्त सहज फाटेल असं करून द्या. वेल्क्रोची चिकटपट्टी लावा, कापड थोडं कातरून ठेवा."

"प्रेमराजभाऊ, ते पाठीवरचं लुगडं परत द्यायचं आहे. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"सोनगीरला, एका मावशीला. तिच्या आईचं आहे."

तो हसला. वाईट हसला असंही नाही, लहान पोराला हसावं तसा हसला. "अहो, जुनेर आहे ते! तिला नवं पातळ घेऊन देऊ. काठपदराचं."

"मी दुसरं तसंच लावते. हुबेहूब."

"लावा की. बोहारणीकडून घ्या, ढिगाने मिळतात. आपल्याला लाल दिसल्याशी मतलब."

तो गेल्यावर मी मशीनपाशी बसून राहिले. दुसरं लावणं सोपं होतं. पण शेवंता मावशीला मी स्वतःच धुळ्याच्या शोला बोलावलं होतं. सोनगीरहून धुळं किती लांब? तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, मनी माय टेजवर दिसनार. तिच्या डोळ्यांदेखत लाल लुगडं टराटरा फाटलं असतं, तुकड्यांवर पोरं तुटून पडली असती. 'ते नव्हे मावशी, हे घे खरं' असं नंतर सांगून काय उपयोग? तोवर तिची आई तिच्यासमोर फाटलेली असती. आणि लुगडं ठेवूनच घेतलं, तर ती रिकाम्या स्टेजकडे बघत बसणार.

तापी झोळीत झोपली होती. झोळीखाली तिची गोधडी पडली होती, सोनगीरच्याच जुनेरांची. मी ती उचलली, दोन्ही हातांत धरून ओढली. मग आणखी जोर लावून ओढली. फाटतेय कुठली! तिच्यातलं एकेक कापड बोटाने फाटेल इतकं विरलेलं, पण वरपासून खालपर्यंत धावदोरा घातलेला. गोधडी झिजते. फाटत नाही.

तापी झोपली की मी टाके घालायचे, उठली की सुई उशीला खोचायची. खालून दुहेरी मांजरपाट लावला. तानुबाईचं लुगडं त्यावर पसरून, सूत तुटू नये म्हणून दोन धाग्यांमधून सुई काढत, काठापासून काठापर्यंत धावदोरा घातला. पुढे चिकटपट्टी लावली, प्रेमराजला दिसेल अशी. तिच्याआड पँटचे जाड लोखंडी हुक, आतून वळवून. ज्याला ठाऊक नाही त्याच्याने ते उघडणार नाहीत.

"घाल," मी योगेंद्रला म्हटलं. "आणि फाड."

त्याने छाती फुगवून दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय फाकवून ओढलं. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ओढलं. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. तापी खदखदा हसत होती.

"अगं, हे चिलखत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "काढ आता मला यातून."

धुळ्याच्या मैदानावर उन्हं कलल्यावरही जमीन भाजत होती. तापीच्या कानात कापूस घालून मी स्टेजच्या बाजूला उभी होते. शेवंता मावशी पुढच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेली. तिच्या मागे अर्धी गल्ली.

आईचं गाणं सुरू झालं. विंगेत एका पोराने केटूच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, मी त्याच्या गळ्याशी हुक लावले, आणि तो गेला. दिवे पडले. रुईफुली काठ उजळला. मावशीने दोन्ही हात जोडले.

शेवटचं कडवं आलं. केटूने छातीशी हात घातला आणि हिसका दिला. चिकटपट्टी सुटली, झूल सुटली नाही. पुन्हा हिसका. ढोलकीवाला त्याच्याकडे बघत तोच तुकडा परत परत वाजवू लागला. केटू वाकला, गरगर फिरला, खांदे झटकले. मग झूल डोक्यावरून काढायला गेला आणि डोकं आत, हात वर, असा अडकला. विंगेत मला त्याची शिवी ऐकू आली, तिच्यात आईच होती. शेवटी दमून तो गुडघ्यावर बसला, आणि तोंडावर आलेला तो लाल पदर तसाच तोंडावर घेऊन पडून राहिला.

मैदान उसळलं. शिट्ट्या, टाळ्या, हजारो मोबाइलचे दिवे. बाया ओक्साबोक्शी रडत होत्या. शेवंता मावशी खुर्चीवरून उठून स्टेजच्या कडेला माझ्यापाशी आली, गालावरून धारा.

"देख वं मेघे, देख! मायले सोडी नही ऱ्हायना!"

मी तापीला घट्ट धरलं.

मागच्या खोलीत केटू घामाने निथळत माझ्यावर धावून आला. "काय शिवलंस हे? लाज काढलीस माझी! मूर्ख बाई!" त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती. मी तापीचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं.

प्रेमराज फोन नाचवत आत आला. "भाऊ! भाऊ, बघा! सगळीकडे तुम्हीच! 'माय सुटत नाही', असं लिहून टाकतायत लोक!"

केटूने फोन घेतला, बघितला. चेहऱ्यावरचा राग ओसरला, आणि त्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा घाण वाटलं. "मी स्टेजवरच ठरवलं," तो म्हणाला. "फाडायचं नाही. आतून आलं यार." आणि त्याला ते खरं वाटू लागलं होतं, हे मला दिसत होतं.

"आता दर शोला हेच," प्रेमराज म्हणाला. "ही केप आता आमच्याकडेच राहील ताई."

मी हुक काढायला सरसावले तर त्याने माझा हात बाजूला केला. तेवढ्यात दारात गलका झाला. चॅनलवाली पोरं कॅमेरे घेऊन घुसली, आणि त्यांच्या मधून वाट काढत शेवंता मावशी. तिने सरळ जाऊन केटूचा घामट चेहरा दोन्ही हातांत धरला. तो मागे सरकला, पण कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला आणि थांबला. वाकून तिच्या पायाला हात लावला.

"बेटा, तू मनी मायले सोडं नही," मावशी म्हणाली. "देव तुनं भलं करो. आते दे बापा. परवा आखाजी शे, मनी मायले घर लई जास."

केटूने प्रेमराजकडे पाहिलं. प्रेमराजने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ताई, काढा हुक," केटू गहिवरल्या आवाजात म्हणाला. मी काढले. त्याने झूल दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली, कॅमेऱ्याला नीट दिसेल इतका वेळ लावून ठेवली, आणि मावशीच्या ओंजळीत दिली. ग्लिसरीन न घालता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कॅमेरे बाहेर पडले. मावशीही गेली. मी सुईदोरा गोळा करत होते. केटूने ओल्या टिश्यूचं पाकीट फाडलं आणि मावशीने जिथे हात लावले होते तिथे तोंड पुसलं. एक टिश्यू, दुसरा, तिसरा. कान, मान, हनुवटीखाली. मग पायाला लावलेला हात. वापरलेले टिश्यू त्याने जमिनीवर टाकले. माझ्या चपलेला एक चिकटला. मी चपलाच तिथे सोडल्या आणि अनवाणी बाहेर आले.

आखाजीला मी सोनगीरला गेले. योगेंद्रने नव्या चपला घेऊन दिल्या होत्या. मावशीच्या अंगणातल्या कडुलिंबाला पोरींनी झोके बांधले होते. मी ओट्यावर बसून धावदोरा उसवत होते, मावशी सुटलेलं लुगडं ओढून घेत होती. सगळं सुटलं तेव्हा तिने एकेक घडी नाकाशी नेली. खूप हळू. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"कोना कोना वास लागना वं याले," ती म्हणाली.

"मावशी, मी धुतलं नाही. पण..."

"तू कसाले रडस?" तिने लुगडं उन्हात धरलं. बारीक बारीक टाक्यांची भोकं काठापासून काठापर्यंत चमकली. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई, तिने भोकांवरून बोट फिरवलं. "इतला टाका? टेजवरना कपडाले इतला टाका कसाले?"

मग मी सगळं सांगितलं. फाडणं, चिंध्या, हुक, सगळं. टिश्यूचं तेवढं सांगितलं नाही.

मावशीने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "म्हंजे तू बांधी ठेयेल व्हतं त्याले! म्हनीसन सोडत नव्हता! पोळाना बैलनी गत!" पदर तोंडाला लावून ती हसली, डोळे पुसले, परत हसली. गल्लीतल्या बाया विचारत आल्या, तर तिला सांगताही येईना.

हसू ओसरल्यावर तिने लुगड्याकडे पाहिलं. "चाल. धवी टाकू आते. त्याना वास त मना घरमां नको."

रिठ्याच्या पाण्यात, दगडावर, आम्ही दोघींनी मिळून ते धुतलं. पाणी काळं निघालं, मग तांबूस, मग नितळ. लिंबाच्या सावलीत ते घटकाभरात वाळलं. आता त्याला कसलाच वास नव्हता. मी ते घडी करून पेटीकडे निघाले तर मावशीने हातातून काढून घेतलं, लिंबाच्या खालच्या फांदीला त्याची झोळी बांधली आणि तापीला उचलून आत घातलं.

"मावशी, अगं आईचं आहे ते! ती ओलं करेल."

"करू दे ना. आते इना वास लागू दे."

माझा फोन वाजला. प्रेमराज. अमळनेरसाठी तशीच केप पाहिजे होती, न फाटणारी, उद्यापर्यंत. "बोहारणीकडून घ्या," मी म्हटलं आणि फोन ओट्यावर पालथा घातला.

झोळीतून टपकन थेंब पडला. मग धार. मावशीने खाली हात धरला, ओला तळवा लुगड्यालाच पुसला आणि झोका दिला.